कलकत्त्याच्या अलीकडे

“तिले काय विचारता? तिले काहीबी चालते.”

अक्काचा आवाज केळीच्या बागेतून आला. ती माझ्याबद्दल बोलत होती, आणि मी चार ओळी पलीकडे हौदाच्या काठावर बसून ऐकते आहे हे तिला माहीत नव्हतं. केळीची बाग दिसायला दाट असते, पण आवाज अडवत नाही. वर मोठमोठी पानं, खाली ओलसर मोकळी जमीन. पलीकडे कोणी नुसतं खाकरलं तरी अलीकडे कळतं. माझ्यासमोर परातीत भाजलेली वांगी होती, बाहेरून काळीठिक्कर आणि आतून अजून वाफाळणारी. मी त्यांची सालं काढत होते आणि बोटं भाजली की हौदात बुडवत होते.

“तरी एकदा विचारून घ्यावं,” पप्पा म्हणाले. पण ते असं म्हणाले की विचारलं नाही तरी कोणाला वाईट वाटू नये.

“अरे, तिनंच लिहेल होतं ना ग्रुपवर? सगळ्यांना चालत असेल तर, असं. मंग? आमले नाही चालत. झालं!”

सगळे हसले. मीही इकडे थोडी हसले, कारण अक्काचं खरं होतं. ते मीच लिहिलं होतं.

यंदा पुन्हा ती वांगी आली आहेत. मी रोज कामाला भुसावळच्या बाजूला जाते, आणि नशिराबादपाशी बस हळू झाली की रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग दिसतात. पोपटी रंगाची, अंगावर पांढरे पट्टे असलेली, दोन हातांत धरावी लागतील एवढी मोठी वांगी. बाहेरगावच्या माणसाला ती कच्ची वाटतात. आमच्याकडे ती दिसली की भरताचा हंगाम लागला. जळगावात थंडी आधी नाकाला कळते. संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवरून कपाशीच्या काड्यांचा धूर येतो, त्यात वांग्याचं साल करपल्याचा वास असतो, आणि मग आपण स्वेटर शोधायला लागतो. ज्या गावात उन्हाळा वर्षभर दारात बसून असतो, तिथे हे दोन महिने कोणीतरी प्रेमाने उसने दिल्यासारखे वाटतात.

मला या वासाबरोबर तीन वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात फारसं काही घडलं नाही. आम्ही फक्त एक सहल ठरवत होतो.

आमच्या घरात सहल म्हणजे देव. एका टोकाला एक देव, दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये रस्ता, आणि रस्त्यात खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सहल नाना ठरवतात. नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. यावलकडे त्यांची केळीची शेती आहे आणि आमच्या सगळ्या कुटुंबाचा शब्दही त्यांच्याकडेच असतो. त्यांनी आम्हाला उज्जैन दाखवलं, ओंकारेश्वर दाखवलं, तिरुपती दोनदा दाखवलं. प्रत्येक ठिकाणी मी रांगेत कोणाच्या तरी पाठीमागे उभी होते. त्या गावांचं मला काय आठवतं असं कोणी विचारलं, तर मला वेगवेगळ्या रंगांचे ब्लाउज आठवतात.

त्या वर्षी मात्र नानांनी दिवाळीत जाहीर केलं, “आपण कलकत्त्याले जाऊ.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नाना जरा लाजले. म्हणाले, “लहानपणापासून ती हावड्याची गाडी पाहून राह्यलो. केळीचे वॅगन भरता भरता पाह्यली. रोज जाते, रोज येते. म्हटलं एकदा तिच्यात बसू, अन् लाईन संपते तिथं काय हाये ते पाहू.”

नानांबद्दल मला खूप वेळा भीती वाटली आहे, पण त्या दिवशी प्रेम वाटलं. अक्काने लगेच काली शोधून दिली, म्हणजे देवाची सोय झाली. अक्का ही माझी आत्या, भुसावळला राहते. तिचे यजमान रेल्वेत गार्ड होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कोणी ‘पुण्याला चाललो’ म्हटलं तर ते आधी ‘कोणत्या गाडीने’ विचारतात आणि मग ‘कशाला’.

“अन् बाकी सगळं मॅडम लावतील,” नाना माझ्याकडे बघून म्हणाले. “एवढं इंग्रजी शिकवलं, कधी कामाले येईल?”

मॅडम म्हणजे मी. पहिलीत टाय बांधून, बूट घालून शाळेच्या रिक्षात बसले त्या दिवसापासून मी मॅडम आहे. तेव्हापासून घरातले लोक माझ्याशी जरा सावकाश आणि जरा पुस्तकी बोलतात, पाहुणीशी बोलावं तसं. आपसात ‘कायले’ आणि ‘कुठी’ चालू असतं, मी आले की ‘कशाला’ आणि ‘कुठे’ होतं. त्यात त्यांचा मान आहे, हे मला कळतं. पण मान दिलेल्या माणसाला सहसा दाराजवळच्या खुर्चीवर बसवतात, आत स्वयंपाकघरात नाही.

ठरवण्याचं काम मला मिळालं आणि मला फार आवडलं. मी एक लांबट वही घेतली. डाव्या पानावर कलकत्ता. ट्राम, नदीवरची बोट, फुलांचा बाजार, जुन्या पुस्तकांची गल्ली, म्युझियम, कालीचं देऊळ. उजवं पान बरेच दिवस कोरं राहिलं. मला शहर आवडतं, पण अकरा माणसांबरोबर शहर बघायचं म्हणजे अकरा माणसंच बघायची. कोण मागे राहिलं, कोणाला तहान लागली, कोणाची चप्पल तुटली. मला उजव्या पानावर असं काहीतरी हवं होतं जिथे हळू चालता येईल आणि फार बोलावं लागणार नाही. म्हणून मी मोबाईलवर नकाशा मोठा करत करत कलकत्त्यापासून बाहेर जात राहिले. भातशेती, तळी, पुन्हा तळी. तीन-चार तासांच्या अंतरावर एक गाव सापडलं, बिष्णुपूर.

तिथे दगड फारसा मिळत नाही. तिथल्या राजांना देवळं तर बांधायची होती. म्हणून त्यांनी माती भाजली आणि विटांची देवळं बांधली, आणि वीतभर वीतभर तुकड्यांवर जे दिसेल ते कोरलं. घोडे, नावा, ढोल वाजवणारे, शिकारी, हंसांच्या रांगा, केस विंचरणाऱ्या बायका. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात बुटाला धरते. तिच्याकडून कापूस आणि केळी यापलीकडे आम्ही कधी काही मागितलं नाही. तिथल्या लाल मातीचे लोकांनी हंस केले होते.

मी दुपारी गच्चीवर आईला ते फोटो दाखवले. ती मेथी निवडत होती. तिने ओले हात पदराला पुसले, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. मी तिला तसं करताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

“ही बाई बघ. आरशात बघतेय.”

“हो.”

“हे हातानं केलंय?”

“हो.”

“एवढं? आणि पावसात राहतं?”

“तीन-चारशे वर्षं राहिलंय.”

“हं,” म्हणाली आणि मेथीकडे वळली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, “ते मातीचं गाव दाखव बरं.” दोन दिवसांनी परत. आईने एखादी गोष्ट तीनदा मागितल्याचं मला आठवत नाही.

मागण्यावरून सांगायला हवं. आमच्याकडे पंगतीत पहिल्या ‘नको’ला काही किंमत नसते. पहिलं नको ही रीत, दुसरं नको ही लाज, आणि तिसरं नको म्हटलं की वाढणारा म्हणतो, “अरे, अर्धीच घे,” आणि अख्खी बट्टी ताटात टाकतो. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वरण पडतं. मागण्याचंही तसंच. कोणी एकदा ‘हवं’ म्हटलं तर ते सहज बोलला असं धरतात. खरंच हवं असलेला माणूस पुन्हा म्हणेल, रुसेल, जेवायला येणार नाही, कोणाकडून तरी निरोप पाठवेल. मग घराला कळतं की हां, याला खरंच हवं आहे.

मी या सगळ्यातून सुटलेली आहे. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की एकदा नम्रपणे नको म्हणायचं आणि समोरच्याने ते ऐकायचं. घरच्यांनी माझ्यापुरतं ते मान्य केलं. मॅडम नको म्हणाल्या म्हणजे नको. एकदा यावलकडच्या लग्नात वाढपी बादली घेऊन आला, मी रीत म्हणून ‘नको’ म्हटलं, आणि तो पुढे गेला. पुढच्या माणसाने तीनदा नको म्हटलं आणि त्याच्या ताटात तुपाची धार थांबेना. मी उरलेलं सगळं जेवण त्या बादलीकडे बघत घालवलं. ती परत आली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी एकदा धुळ्याला गेलो, माझ्या मावशीकडे. एसटीच्या खिडकीतून पारोळ्याच्या पुढे कापूस वेचणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि गाडी धुळ्याच्या जवळ जाईल तशी आईची बसण्याची पद्धत बदलत होती. जळगावात आई खांदे आत घेऊन बसते. सासरी येऊन तिला अठ्ठावीस वर्षं झाली, ती तिथली भाषा बोलते, तिथलं भरीत कुटते, पण तिचं मोठ्याने हसणं मी फक्त धुळ्याच्या फोनवर ऐकलं आहे.

मावशीने दारातच पकडलं. “काय व माय, कलकत्ता जाई ऱ्हायन्यात म्हने! तठे काय शे?”

“गाडी जास ना तठे,” आई म्हणाली, आणि दोघी एवढ्या हसल्या की शेजारची बाई बाहेर आली.

“बठ्ठा जण जाई ऱ्हायनात?”

“बठ्ठा.” म्हणजे सगळेच.

“मंग तू कसानी फिरशी? तू तर डबा उघडशी नि डबा लावशी.”

आई यावर हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “डब्यावरून आठवलं. मला सोनगीरचा पितळी डबा घ्यायचाय. झाकण घट्ट बसणारा.”

सोनगीर हे आईचं माहेरचं गाव, धुळ्यापासून जवळ, मुंबई-आग्रा हायवेवर. तिथलं घर आता विकलेलं आहे, पण पितळेची दुकानं आहेत, आणि आईच्या मते दशम्यांचा डबा तिथलाच हवा. आम्ही दुपारी गेलो. एका दुकानात आतल्या बाजूला कोणीतरी भांड्यावर हातोडी चालवत होतं. तो आवाज ऐकल्यावर आई किंमत विचारायची थांबली आणि जरा वेळ नुसती उभी राहिली. मग डबा घेतला, झाकण लावून उघडून पाहिलं, पिशवीत टाकला. बाहेर आलो तर समोर किल्ला. टेकडीवजा, पडका, माथ्यावर थोडी तटबंदी. आईने वर पाहिलं.

“जाऊ या?”

“वर? तुझ्या पायात या चपला?”

“याच चपला होत्या तेव्हाही,” म्हणाली आणि चालायला लागली.

वाळलेलं गवत साडीला चिकटत होतं. मध्ये दोनदा ती दम घ्यायला थांबली, पण मला पुढे जाऊ दिलं नाही. वर वारा होता. एक खोल विहीर होती, तिच्यात डोकावून आईने एक खडा टाकला आणि कान दिला. मग एका दगडावर बसली. खाली हायवे दिसत होता, ट्रक एकामागून एक, आवाज न करता चालल्यासारखे.

“मी रोज यायची इथे,” आई म्हणाली. “शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि वर. ही गाडी इंदूरला चालली, ही मुंबईला. बघत बसायची.”

“मग?”

“मग काय. आई खालून हाक मारायची. जाऊन भाकरी टाकायची.”

“लग्नानंतर किती वेळा आलीस वर?”

तिने विचार केला. “आजच.”

“का?”

“अगं, वर यायला काहीतरी काम लागतं ना. लहान होते तेव्हा कोणी विचारत नव्हतं.”

मी तिच्या शेजारी बसले. मला वाटलं, तिकडे बंगालमध्ये एखादी मुलगी आत्ता अशीच वही घेऊन बसली असेल. डाव्या पानावर मुंबई. उजवं पान कोरं. ती नकाशा मोठा करत करत इकडे येईल, सोनगीरवर बोट ठेवेल, आणि तिची आत्या तिला विचारेल, तिथे काय आहे? त्या मुलीला सांगता येणार नाही. मलाही सांगता आलं नसतं. पडका तट, एक विहीर, आणि अठ्ठावीस वर्षांनी वर येऊन बसलेली माझी आई.

उतरताना तिने माझा हात धरला होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या विटांच्या देवळांपाशी बसायला जागा असेल?”

“असेल. तळी पण आहेत.”

“मग दोन दिवस बरोबर आहेत. एक दिवस कमी पडला असता.”

त्या दिवसापासून ते दोन दिवस माझे राहिले नाहीत, आईचे झाले.

आणि मी काय केलं? घरी येऊन कुटुंबाच्या ग्रुपवर पूर्ण योजना टाकली. तक्ता नीट आखलेला, गाड्यांच्या वेळा, राहायची ठिकाणं. कलकत्ता चार दिवस. बिष्णुपूर दोन दिवस, आणि त्याच ओळीच्या शेवटी, ‘सगळ्यांना चालत असेल तर’. शाळेतल्या सवयीने लिहिलं. मला ते सभ्य वाटलं. दहा जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं, म्हणजे कोणीही वाचलं नव्हतं. आठ दिवसांनी अक्काने वाचलं. तिने मामांना विचारलं, मामांनी नानांना, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की एवढ्या लांब जाऊन पुरीचा जगन्नाथ राहून जातोय. बिष्णुपूरचे दोन दिवस पुरीला गेले.

मला राग आला नाही, कारण अक्काचं चुकलं नव्हतं. ती आयुष्यात एकदाच तिकडे जाणार होती. तिला जगन्नाथ हवा होता आणि तिने तसं सरळ म्हटलं होतं. मी मात्र आमच्या घरच्या पद्धतीने निरोप पाठवला. मी आईला सांगितलं, आईने चहाच्या वेळी पप्पांना सांगितलं, पप्पांनी नानांना फोन केला. मी दाराआड होते. आईने पप्पांना सांगितलं तेव्हा ते होतं, “पोरीची फार इच्छा आहे.” पप्पांनी फोनवर सांगितलं तेव्हा ते झालं, “नाही नाही, तसं काही नाही. झालं तर बरं, नाही झालं तरी चालेल तिला.” एवढ्याशा घरात, दोन खोल्यांच्या अंतरात, माझी इच्छा धुऊन, पिळून, वाळत घातली गेली होती.

“तू तुझं का नाही सांगितलंस?” मी आईला विचारलं.

“माझं कुठे मध्ये आणू? तुझं म्हणून सांगितलं तर ऐकतील असं वाटलं.”

मीही तर आईला पुढे करून मागे उभी राहिले होते. दोघी एकमेकींच्या पदराआड लपलो होतो, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तिथे कोणीच दिसत नव्हतं.

तिकिटं सोमवारी काढायची ठरलं. मामा स्वतः भुसावळ स्टेशनवर जाऊन काढणार होते, त्यांचा मोबाईलवर विश्वास नाही. आणि रविवारी नानांच्या शेतात भरीत होतं.

(यंदाच्या वहीत डाव्या पानावर हैदराबाद आहे, उजव्या पानावर बिदर. आई चष्मा लावून स्वतः नकाशा बघते आणि मला विचारते, बसस्थानकापासून किल्ला चालत आहे का? पण तो हिवाळा हे सगळं सुरू व्हायच्या आधीचा होता.)

तर त्या रविवारी मी हौदावरून परात उचलली आणि केळीच्या ओळीतून पलीकडे गेले. मला बघून अक्का जरा दचकली, मग लगेच म्हणाली, “ये व माय, ये. हात भाजले का?” तिने परात घेतली. वांग्याचा गर लाकडी बडगीत पडला, त्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण. अक्का आणि आई समोरासमोर बसून मुसळाने कुटायला लागल्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. हे काम बघत राहावंसं असतं. नंतर कांद्याची पात, गरम तेल, शेंगदाणे. पुरुष गोणपाटावर बसले होते. काड्यांची आग विझत आली होती आणि तिच्या राखेत दोन-तीन वांगी उगाच शिल्लक होती.

केळीच्या पानांवर भरीत पडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. नानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मान हलवली. मग म्हणाले, “तर मंग ठरलं. उद्या मामा तिकिटं काढतात. कलकत्ता, मंग पुरी, मंग घर.”

“बिष्णुपूर,” मी म्हणाले.

ते इतकं हळू होतं की फक्त माझ्या शेजारी बसलेल्या मामांनी ऐकलं. ते पुरी मोडता मोडता म्हणाले, “ते बिष्णुपूर कुठं आलं व पोरी? खरगपूरहून वर जाते ना ती लाईन? आपली गाडी जाते खरगपूरवरून. हावड्याच्या अलीकडेच.” त्यांच्यासाठी ती फक्त गाड्यांची गोष्ट होती.

“नाना,” मी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने. “मला बिष्णुपूरला जायचंय.”

सगळ्यांनी वर पाहिलं. मी भरताकडे पाहत होते.

“अगं, पण तूच तर लिहिलं होतं,” नाना नेहमीसारखं सावकाश, पुस्तकी बोलायला लागले. “सगळ्यांना चालत असेल तर.”

“तसं लिहायला नको होतं मी.”

“अस्सं!” अक्का हसली. “हाये काय पण तिथं?”

“विटांची देवळं आहेत.”

“आतमधी देव हाये का?”

“बऱ्याच देवळांत नाही आता.”

“देव नाही, मंग देऊळ कायले पाहाचं व मॅडम? घर पाहाले जायचं अन् घरात माणूस नाही!”

खूप हसले सगळे. मलाही हसू आलं, आणि नेमकं तिथेच मी नेहमी थांबते. कोणी हसलं की मी माझं बोलणं उचलून परत घेते, चुकून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलेल्या पुस्तकासारखं. नाना प्रेमाने म्हणाले, “पुढच्या वर्षी पाहू आपण तुझं बिष्णुपूर. नक्की.”

“राहू द्या नाना,” आई म्हणाली. मुसळ अजून तिच्या हातातच होतं. “पुरी झालेली बरी. तिची समजूत मी घालते.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती खांदे आत घेऊन बसली होती. हे आईचं पहिलं ‘नको’ होतं, आणि एवढी वर्षं या घरात जेवून मला ते वाढप्याइतकं तरी ओळखता यायला हवं होतं. तिने ते नेहमीच्या आवाजात म्हटलं होतं, अक्का दुसरी पुरी नको म्हणते तसं. फक्त तिच्या पानावर आजवर कोणी दुसऱ्यांदा वाढायला आलं नव्हतं.

वारा आला. केळीची पानं एकमेकांवर घासली. राखेतलं एक वांगं फुटून फुस्स झालं. नानांनी पुढची पुरी घेतली, म्हणजे विषय संपला होता. हाताची बोटं भाजलेली होती, ती मी पानाच्या थंड देठावर दाबून धरली आणि मामांकडे वळले.

“मामा,” मी म्हणाले, “तुम्ही सगळ्यांची तिकिटं हावड्याची काढा. अक्काला पुरीला न्या, जगन्नाथ राहू देऊ नका. पण माझं आणि आईचं खरगपूरपर्यंतच काढा. आम्ही दोघी तिथे उतरणार आहोत.”